बेचाळिसावी हाक

मंदा नदीच्या काठी शाल्मली नावाचं नगर होतं. तिथे धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी बंदिपालाच्या कुळात जन्म घेतला आणि वयात आल्यावर नगराच्या बंदीशाळेच्या चाव्या त्यांच्या कमरेला आल्या. तुम्ही म्हणाल, बोधिसत्त्व आणि तुरुंगाचे रखवालदार? हो, रखवालदारच. हरिण झाले, व्यापारी झाले, अमात्य झाले, तसे एका जन्मी तेही झाले. तेव्हा त्यांचं नाव नंदिक होतं. साठीला टेकलेले, अंगानं जाड, डाव्या गुडघ्यानं अधू. आवाज मात्र असा, की बाजाराच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाची माणसं मान वळवून बघायची. बायको म्हणायची, अहो, घरात तरी जरा हळू बोला.

तो आवाज त्यांच्या कामासाठीच होता. शाल्मलीत एक जुनी रीत होती, तिला लोक नुसतं 'हाक' म्हणत. कुणालाही धरून बंदीशाळेत टाकलं की तिसऱ्या दिवशी, सकाळचा बाजार भरल्यावर, बंदिपालानं त्याला दाराच्या पायरीवर आणायचं आणि सगळ्यांदेखत विचारायचं, "अमक्याला कुणी धरलं आहे? कशासाठी?" असं तीनदा. ज्यानं धरलं त्यानं पुढे यायचं आणि त्या माणसाच्या तोंडावर आरोप सांगायचा. मग त्या माणसानं आपली बाजू मांडायची, आणि त्यातून काही उरलं तर प्रकरण न्यायसभेपुढे जायचं. तीन हाका होऊनही कुणी पुढे आलं नाही, तर बंदिपालानं तिथल्या तिथे बेडी काढायची. चोर असो, सरदार असो, हाक सगळ्यांना सारखी. नंदिकांच्या आज्यानं ती दिली, बापानं दिली आणि त्यांनी स्वतः चौतीस वर्षं दिली. अंगात ताप असला तरी ते पायरीवर उभे राहत.

मग युद्ध आलं. नदीपलीकडच्या राजानं पलीकडच्या काठावर तंबू ठोकले आणि दोन महिने झाले तरी हलायचं नाव घेईना. अलीकडे शाल्मलीचं सैन्य, पलीकडे त्याचं, मध्ये पाणी. एके दिवशी सेनापती रणंजयानं उंबराच्या उतारावरचा, म्हणजे नदी पायी ओलांडता येते तिथला, पहारा कमी करून माणसं दुसरीकडे हलवली. हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी शत्रू नेमका त्याच दिवशी, नेमका त्याच उतारावरून आला. मागे राहिलेले एकोणीस जण कापले गेले. त्यात रणंजयाचा धाकटा भाऊ होता.

नगराची पाचावर धारण बसली. आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे हे आता शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण कोण?

उत्तर दिलं तटावरच्या एका पहारेकऱ्यानं. तो म्हणाला, "निळाऱ्यांच्या आळीसमोर नदीकाठी दोऱ्या बांधल्या आहेत. त्यांच्यावर हिरवी फडकी चढतात. कुणी हात लावत नाही, कुणी बदलत नाही, आणि बघता बघता ती निळी होतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ही शत्रूला खूण आहे."

आता निळारी म्हणजे निळीनं कापड रंगवणारे. त्यांचं काम पिढ्यान्पिढ्या उंच बांबूच्या कुडाआड चालायचं. रांजणापाशी परक्याला उभं करायचं नाही आणि रांजणातली गोष्ट परक्याला सांगायची नाही, अशी त्यांना मूळपुरुषाची आण होती. नगरातल्या माणसाला ठाऊक काय, तर बाजारात येणारं निळं कापड. तो कूड सैन्यानंच उपटून मोर्चेबांधणीला नेला होता. आणि निळारी भर युद्धात रंगवत काय होते? सैनिकांचे कमरपट्टे! लढाईत आपला माणूस ओळखू यावा म्हणून रणंजयानंच ते सांगितले होते. पण भाऊ गेलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला. तो शिपाई घेऊन आळीत गेला आणि त्यानं विचारलं, "हा रंग कसा बदलतो?"

निळारी एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांची म्होरकी, वेणुका नावाची म्हातारी, म्हणाली, "ते सांगता येत नाही, सेनापती. आम्हाला आण आहे."

झालं! एवढं बोलणं पुरे झालं. बाया, बापे मिळून एक्केचाळीस माणसं दोरखंडानं बांधून बंदीशाळेत आणली.

नंदिकांनी प्रत्येकाला नाव विचारलं, कारण हाकेला नाव लागतं. ती पाठ करत असतानाच रणंजयाच्या शिपायानं त्यांच्या हातात राजाची मुद्रा असलेली आज्ञा दिली. युद्ध संपेपर्यंत हाक बंद. चौथ्या दिवशी पहाटे सैन्य नदी उतरेल, त्याआधी सगळ्या निळाऱ्यांचा गिधाडकड्यावरून कडेलोट करावा.

त्यांनी आज्ञा दोनदा वाचली. मग घडी घालून कनवटीला लावली, काठी उचलली आणि लंगडत राजवाड्याची वाट धरली. वाटेत त्यांना भीती वाटली नाही असं नाही. पण पाय थांबले नाहीत.

राजा धृतिसेन जेमतेम तिशीचा होता. दोन महिन्यांत त्याचे डोळे खोल गेले होते. शेजारी रणंजय उभा होता, त्याच्या अंगावर भावाच्या सुतकाचं पांढरं उत्तरीय होतं.

"महाराज," नंदिक म्हणाले, "परवा तिसरा दिवस आहे. मला हाक द्यायची आहे."

"आज्ञा मिळाली नाही का तुम्हाला?"

"मिळाली. पण ती मला पाळता येणार नाही, तेच सांगायला आलो."

रणंजय उसळला. "बंदिपाल, नदीपलीकडे शत्रू बसला आहे! तुमची हाक शांततेच्या काळातली. बाजारात उभं राहून आम्ही आमचे पहारे, आमचे उतार सगळ्यांना सांगत बसायचं का?"

"पहारे सांगू नका, सेनापती. कुणी काय केलं तेवढं सांगा."

"केलं काय ते दिसतंय! विचारलं तर तोंड उघडत नाहीत."

"तुम्ही विचारलंत ते दोरखंड हातात घेऊन. पायरीवर विचारून बघा."

राजा म्हणाला, "बंदिपाल, मला ही माणसं मारायची हौस नाही. पण सैन्य पाण्यात उतरलं आणि पाठीमागून घात झाला तर अख्खं नगर बुडेल. एका बाजूला एक्केचाळीस, दुसऱ्या बाजूला चाळीस हजार. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?"

"मला ठाऊक नाही, महाराज. मी तुमच्या जागी नाही, माझ्या जागी आहे. आणि माझ्या जागेला एकच गोष्ट कळते. ज्याच्यावर आरोप ठेवलेला नाही त्याला मी तीन दिवसांपलीकडे ठेवू शकत नाही. कड्यावर तर नाहीच नाही."

"हाक मी बंद केली आहे. मी राजा आहे."

"हाक कुठल्या राजानं सुरू केलेली नाही, नगरजनांच्या पौरसभेनं केली. सभा बोलवा. सभेनं बदलली तर मी मान खाली घालून घरी जाईन."

"सभा बोलवायला वेळ कुठे आहे?"

"मग रीत बदलायलाही वेळ नाही, महाराज."

राजाचा चेहरा लाल झाला. या म्हाताऱ्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही असं त्याला वाटलं असावं. "चाव्या ठेवा," तो म्हणाला.

नंदिकांनी कमरेचा जुडगा सोडून खाली ठेवला. चौतीस वर्षांत त्याचा भार अंगवळणी पडला होता. तो उतरला तसं कंबर उघडी पडल्यासारखं वाटलं. मग ते म्हणाले, "चाव्या घ्या. पण एक सांगून ठेवतो, उगीच फसवणूक नको. मी बाहेर राहिलो तर परवा पायरीवर उभा राहून हाक देणार. तुम्हाला ती नको असेल तर मला आत टाकावं लागेल."

"टाका आत," राजा म्हणाला.

अशा रीतीनं शाल्मलीचा बंदिपाल शाल्मलीच्या बंदीशाळेत गेला. ज्या बेड्यांना ते दर महिन्याला तेल लावत त्यातलीच एक त्यांच्या पायात पडली. रणंजयाचा एक शिपाई नवा बंदिपाल झाला. आत चाळिसावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. नंदिकांना बघून वेणुका कोपऱ्यात सरकली.

"या बाबा, बसा. पण इथे वरून गळतं."

"गेली कित्येक वर्षं लोक मला तेच सांगत होते," नंदिक म्हणाले. "मला वाटायचं, उगाच कुरकुर करतात."

त्या अवस्थेतही दोघी-तिघी हसल्या. मग वेणुकानं हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला काय म्हणून धरलं?"

"तेच विचारायचं आहे मला. परवा विचारू."

तिच्या मनात होतं ते तिनं शेवटी बोलून टाकलं. "आमच्यापायी तुम्ही मरणार. आम्ही सांगत नाही म्हणून तुमचा जीव जाणार. तुम्हाला राग येत नाही का आमचा?"

"बाई, विचारणं माझं काम आहे. सांगायचं की नाही ते तुमचं. तुम्ही सांगावं म्हणून मी आत आलेलो नाही. तुम्हाला विचारलं जावं म्हणून आलो आहे."

वेणुकाच्या शेजारी तिचा जावई पिंगल बसला होता. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिसरा दिवस उजाडला. बाजार भरला. बंदीशाळेला बाजाराच्या बाजूनं एकच खिडकी होती, छातीएवढ्या उंचीची, जाड गजांची. नंदिकांनी बेडी सावरली, दोन निळाऱ्यांच्या खांद्यांचा आधार घेतला आणि गजांना धरून उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला.

"निळारीण वेणुका! हिला कुणी धरलं आहे? कशासाठी?"

भाजीवाल्यांचे हात थांबले. नवा बंदिपाल धावत खिडकीशी आला. "ए आजोबा, गप्प बसा! बंद आहे ते."

"बाळा, तुला मला गप्प करायची आज्ञा आहे का?"

शिपाई गोंधळला. तशी आज्ञा खरंच नव्हती. कुणाला सुचलंच नव्हतं, की माणूस आतूनही हाक देईल.

"निळारीण वेणुका! हिला कुणी धरलं आहे? कशासाठी?"

तीन हाका झाल्या. मग दुसरं नाव, तीन हाका. तिसरं नाव. लोक दुकानं टाकून खिडकीपाशी गोळा झाले. यातल्या कितीतरी जणांनी निळाऱ्यांना शिव्या मोजल्या होत्या, आळीवर दगडही टाकले होते. पण एकेक नाव कानावर पडायला लागलं तशी गर्दी शांत होत गेली. ही चिंची, हिच्याकडून आपण लेकीच्या लग्नाचं लुगडं घेतलं. हा तांबक, याचा बाप आपल्या बापाचा मित्र होता.

विसाव्या नावाला नंदिकांचा आवाज बसायला लागला. तिसाव्याला घशातून नुसती घरघर येत होती. वेणुकानं पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी घोट घेतला आणि पुढचं नाव घेतलं.

त्याच वेळी राजाची स्वारी त्या रस्त्यानं नदीपूजेला निघाली होती. उद्या सैन्य उतरायचं म्हणून आज पूजा. हत्ती बाजारात आला आणि अडला, कारण पुढे माणसंच माणसं, आणि हत्तीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माहुतानं ओरडून बघितलं. राजानं त्याला थांबवलं. त्यालाही ऐकू येत होतं.

एक्केचाळीस नावं संपली. एकाही हाकेला कुणी पुढे आलं नव्हतं. लोकांना वाटलं, आटोपलं. तेवढ्यात खिडकीतून तो फाटलेला आवाज पुन्हा आला.

"बंदिपाल नंदिक! याला कुणी धरलं आहे? कशासाठी?"

गर्दीत कुजबुज झाली. बहुतेकांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. अहो, बंदिपाल आत? आपला बंदिपाल?

"बंदिपाल नंदिक! याला कुणी धरलं आहे? कशासाठी?"

याचं उत्तर त्या बाजारात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो हत्तीवर बसला होता. माहुताला सांगितलं असतं तर हत्ती दुसऱ्या गल्लीनं गेला असता. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण तो खाली उतरला. लोकांनी वाट दिली. तिसरी हाक व्हायच्या आत तो पायरीपाशी पोचला आणि शिपायाला म्हणाला, "बाहेर आणा त्यांना."

नंदिक पायरीवर आले. राजा समोर उभा राहिला.

"यांना मी धरलं आहे," तो म्हणाला.

"कशासाठी?" नंदिकांनी विचारलं. आवाजात ना राग ना टोमणा. चौतीस वर्षं विचारत आले तसंच विचारलं.

"यांनी..." राजा थांबला. हजार माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. "यांनी मला सांगितलं, की मी हाक देणार. म्हणून."

पुढेच बसलेली एक भाजीवाली, टोपलीवरचा हात न काढता म्हणाली, "मग यात गुन्हा कुठला, महाराज?"

धृतिसेनानं तिच्याकडे बघितलं, मग नंदिकांच्या सुजलेल्या घोट्याकडे. आपण राजवाड्यात बसून जे दिलं ते आज्ञेसारखं दिसत होतं. इथे उन्हात, माणसाच्या तोंडावर म्हणून बघितलं तर ते उच्चारतासुद्धा येईना.

"गुन्हा नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. बेडी काढा यांची."

शिपाई वाकला, पण नंदिकांनी पाय मागे घेतला. "महाराज, मी बेचाळिसावा आहे. माझ्याआधी एक्केचाळीस आहेत."

"बंदिपाल, आता हट्ट पुरे!"

"हट्टच आहे. पण पुरे नाही."

राजानं कपाळाला हात लावला. आणि, खोटं कशाला सांगू, तो थोडासा हसलाही. मग त्यानं मोठ्यानं सांगितलं, "हाक बंद करणारी मुद्रा मी परत घेतो. सेनापतींना बोलवा, हाक बंद समजून ते आले नव्हते. निळाऱ्यांना बाहेर आणा."

रणंजय आला. तो करडा होता, पण मागे राहून वार करणारा नव्हता. पायरीसमोर ताठ उभा राहून त्यानं वेणुकाच्या तोंडावर आरोप सांगितला. पहारेकऱ्यानं पाहिलं तेही सांगितलं, हिरवी फडकी आणि त्यांचं आपोआप निळं होणं. माझा भाऊ तुमच्या खुणेनं मेला, असंही म्हणाला.

नंदिक म्हणाले, "बाई, आरोप ऐकलात. काही म्हणायचं आहे?"

वेणुका आपल्या माणसांकडे वळली. आण एकटीची नव्हती. कुणी मान खाली घातली, कुणी डोळे पुसले. म्हातारा तांबक म्हणाला, "वेणुका, आण मोडली तर उद्या जो तो रांजण मांडेल. आपण भुकेनं मरू."

"आणि नाही मोडली तर उद्या पहाटेच मरू," ती म्हणाली. "मूळपुरुषानं आण घातली ती लेकराबाळांचं पोट भरावं म्हणून. लेकरंच उरली नाहीत तर ती कुणासाठी सांभाळू?" मग ती राजाकडे वळली. "आमच्या आळीतला एक रांजण इथे आणवा. झाकण घट्ट ठेवा, आणि नाकाला फडकं लावा."

बैलगाडीवर रांजण आला. झाकण काढलं तशी पुढची रांग नाक धरून मागे सरली. वेणुकानं पांढरं कापड मागितलं. कुणाला पटकन काही सुचेना, तेव्हा रणंजयानं अंगावरचं उत्तरीय काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते रांजणात बुडवलं, हातानं दाबत राहिली. बऱ्याच वेळानं वर काढलं, पिळलं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं.

कापड हिरवं होतं.

"आता काही करू नका," वेणुका म्हणाली. "नुसतं बघा. याला वारा लागला पाहिजे."

सगळे बघत राहिले. हिरव्यावर कडेकडेनं सावळी झाक आली. मग ती मध्यापर्यंत सरकली. कुणी हात लावला नाही, कुणी बदललं नाही, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सेनापतीचं उत्तरीय निळं झालं.

"हेच!" पहारेकरी ओरडला. "अहो, हेच पाहिलं होतं मी!"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा बाजार हसत सुटला. हसता हसता कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण उद्या पहाटे काय होणार होतं ते सगळ्यांना आठवलं. रणंजय हसला नाही. तो पुढे झाला, वेणुकासमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "मी चुकलो, आई." मग थोडं थांबून, "पण एकोणीस माणसं मेली ती खरी. उतार मोकळा आहे हे कुणीतरी सांगितलंच ना?"

"तो वेगळा आरोप," नंदिक म्हणाले. "ज्याच्यावर असेल त्याचं नाव घ्या."

रणंजयापाशी नाव नव्हतं. इथे सगळं संपलं असतं आणि निळारी घरी गेले असते. पण वेणुका ते निळं कापड हातात धरून तशीच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या घरात दोन महिने मीठ आहे," ती म्हणाली.

लोकांना आधी कळेना. मिठागरं सगळी नदीपलीकडे, शत्रूच्या ताब्यात. युद्ध सुरू झाल्यापासून राजवाड्यातसुद्धा आळणी जेवण होतं.

"पहाऱ्यांवर कमरपट्टे पोचवायला माझा जावई जातो. कुठे किती माणसं, त्याला ठाऊक असतं. मी त्याला विचारलं होतं, मीठ कुठून आणलंस? म्हणाला, मिळालं. मला खायला बरं वाटलं, म्हणून पुन्हा विचारलं नाही." ती जावयाकडे वळली. "पिंगल, सांग. माझ्या तोंडावर सांग, की मी खोटं बोलते."

पिंगलानं सांगितलं नाही. तो पायरीवरच मटकन खाली बसला.

मग जे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. बाजार एका आवाजात गरजला. आणि सर्वांत आधी दगड उचलले ते निळाऱ्यांनीच. तीन दिवस याच्या शेजारी मरणाची वाट बघत बसले होते आणि हा सगळं जाणून गप्प होता! रणंजयाचा हात तलवारीवर गेला.

नंदिक पायातल्या बेडीसकट पुढे सरकले आणि पिंगलाच्या आणि लोकांच्या मध्ये उभे राहिले. एक दगड आला तो त्यांच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवर आलं. ते हलले नाहीत.

"बाजूला व्हा, बाबा!" तांबक ओरडला. "तुम्ही आमच्यासाठी आत गेलात. या हरामखोरासाठी नव्हे!"

"तुमच्यासाठी नव्हतो गेलो," नंदिक बसक्या आवाजात म्हणाले. "हाकेसाठी गेलो होतो. याच्यावर आरोप आत्ता लागला आहे. आजपासून तिसऱ्या दिवशी याचीही हाक होईल, याच पायरीवर. सेनापती इथे उभे राहून याच्या तोंडावर आरोप सांगतील. याला काय म्हणायचं ते हा म्हणेल. मग न्यायसभा जो दंड देईल तो याला भोगावा लागेल. त्याआधी याच्या अंगाला कुणी हात लावणार नाही."

"यालाही?" वेणुकानं विचारलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"यालाही, बाई."

कुणीतरी दुसरा दगड उचलला. तेव्हा राजा धृतिसेन पायऱ्या चढून आला आणि नंदिकांच्या शेजारी उभा राहिला. रणंजयानं तलवार बाहेर काढली होती. त्यानं राजाकडे बघितलं, नंदिकांच्या कपाळावरच्या रक्ताकडे बघितलं. मग त्यानं तलवार म्यानात घातली आणि तोही येऊन दुसऱ्या बाजूला उभा राहिला. भावाच्या मारेकऱ्याकडे पाठ करून उभा राहिला, ही काही लहान गोष्ट नव्हे. दगड एकेक करून खाली पडले.

त्यानंतरच नंदिकांनी पाय पुढे केला आणि शिपायानं बेडी काढली. चाव्या त्यांच्या कमरेला परत आल्या.

तिसऱ्या दिवशी पिंगलाची हाक झाली. त्यानं सगळं कबूल केलं. न्यायसभेनं त्याला जन्मभर दगडाच्या खाणीत पाठवलं. वेणुकाची लेक वर्षभर आईशी बोलली नाही आणि वेणुकानंही तिला कधी बोल लावला नाही. सैन्याचं नदी उतरणं पुढे ढकललं गेलं. युद्ध आणखी एक पावसाळा चाललं आणि मग दोन्ही राजे थकून ते थांबलं. हाक दिली म्हणून शाल्मली जिंकली, असं मी म्हणणार नाही. हाक दिली म्हणून ती शाल्मली राहिली, एवढंच म्हणेन. पौरसभेनं त्याच वर्षी ठराव केला, की युद्ध असो वा नसो, एकट्या राजाच्या मुद्रेनं हाक बंद होणार नाही. त्या ठरावावर पहिली मुद्रा धृतिसेनानं उठवली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, एका विहारात सांगितली. त्या सुमारास आसपासच्या रानात दरोडेखोर शिरले होते. विहाराचे प्रमुख, वयोवृद्ध भिक्षू सोमिल स्थविर, घाबरले आणि परगावाहून आलेल्या सात भिक्षूंना, हे दरोडेखोरांचे हेर असतील म्हणून, काहीएक न विचारता त्यांनी एका खोलीत कोंडून घातलं. शास्ते आले, त्यांनी दार उघडायला लावलं, सातही जणांना समोर बसवून विचारपूस केली आणि मग ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तेव्हा सोमिलांची मान खाली गेली होती.

शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा धृतिसेन म्हणजे आजचा सोमिल. तेव्हा चूक कबूल करायला तो हत्तीवरून उतरला, आजही उतरेल. सेनापती रणंजय म्हणजे खोलीला कडी घालणारा भिक्षू जोतिक. वेणुका म्हणजे धावत येऊन मला ही बातमी सांगणारी उपासिका सुतना. आणि नंदिक बंदिपाल म्हणजे मीच."

एका भिक्षूनं विचारलं, "भंते, आणि पिंगल?"

सगळ्यांच्या माना त्या सात जणांकडे वळल्या. काहीजण मग एकमेकांकडेही बघायला लागले.

"पिंगल या सभेतच बसला आहे," शास्ते म्हणाले. "आपला दंड त्यानं तेव्हाच भोगला. आज त्याच्यावर कुणाचा काही आरोप आहे का?"

कुणी काही बोललं नाही.

"मग त्याचं नाव मी घेत नाही. भिक्षूंनो, जो नेम धरला तो राजाच्या भीतीनं सुटू नये, लोकांच्या रागानं सुटू नये, आणि ज्यांच्यासाठी धरला त्यांनीच दगड मारले तरीही सुटू नये. हिलाच अधिष्ठान पारमिता म्हणतात."